मृताशी नाते

डोकं फिरलंय आज. उद्या सकाळी हे वाचून मलाच लाज वाटेल, पण लिहितेच.

कामावरून येताना दफनभूमीतून येते मी. इथे लँकेशायरमध्ये ती बसस्टॉपची जवळची वाट आहे, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. वाटेत एक दगड रोज लागतो. उघडा तळहात आणि तळहातावर हृदयाचा बदाम कोरलेला. ही ऑडफेलोज लोकांची खूण, म्हणजे वर्गणी काढून एकमेकांना सांभाळणाऱ्या इथल्या जुन्या मंडळाची. खाली लिहिलंय, लॉजच्या (मंडळाच्या इथल्या शाखेच्या) सभासदांनी उभारला. आज तो दगड गवतात आडवा. वर पिवळं स्टिकर: दगड असुरक्षित, वारसांनी कार्यालयाशी संपर्क साधावा.

कुठले वारस? अहो, वारस नव्हते म्हणून तर लॉजने दगड उभा केला! आणि लॉज कधीच बंद पडली.

मान्य, दगड अंगावर पडून या देशात पोरं दगावलीयत. हलवून बघायलाच हवं. पण बघून झाल्यावर नीट रोवून ठेवायला कुणाचे हात मोडले होते?

आमचे आजोबा परळला गावच्या मंडळाचे खजिनदार. मंडळाची एक खोली, भिंतीला खुंट्या आणि खुंट्यांना चाळीस माणसांच्या पिशव्या. वर्गणीतून मयतफंड. मुंबईत कुणी गेला तर लाकडं, पांढरं कापड आणि बायकोपोरांना गावापर्यंत एसटीचं भाडं. हिशेबाची वही लाल कापडात, वही पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंक आजोबांच्या खाटेखाली.

इथल्या फ्रेंडली सोसायट्या याहून काय वेगळ्या होत्या? मँचेस्टरचे ऑडफेलोज १८१०चे, रॉचडेलचे फॉरेस्टर्स १८३४चे. गिरणीकामगार आठवड्याला चार पेन्या टाकायचे. आजारी पडला तर भत्ता, मेला तर इज्जतीत माती. १८३२च्या कायद्याने वर्कहाउसमधलं, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयघरातलं, बेवारस प्रेत चिरफाडीला देता यायचं, त्याची धास्ती घेतलेली माणसं ही. पोटाला चिमटा काढून त्यांनी आपलं मरण आधीच फेडून ठेवलं होतं. आणि आता त्यांच्या दगडावर स्टिकर?

१९११च्या विमा कायद्यानंतर आणि मग १९४८ला एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, आल्यावर या लॉजेसची गरजच आटत गेली. चांगलंच झालं म्हणा, माझा पगार त्याच एनएचएसमधून येतो, मी कुठल्या तोंडाने बोलू.

पण परत त्या ट्रंकेकडे येते. ८२चा गिरणी संप. पावसाळ्यापर्यंत डबे रिकामे. आजी एका रात्री म्हणाली, ट्रंकेतले वीस रुपये काढा, पोरांना तांदूळ आणू, पुढे भरू. आजोबा म्हणाले, "ते पैसे मयताचे. जित्या माणसानं हात लावायचा नाय." आजी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मी पण नाही. सहा वर्षांची होते, भूक लागली होती, मला तो म्हातारा दगडासारखा वाटला.

त्याच पावसात लूमखात्यातला एकजण गेला. तेव्हा ट्रंक उघडली. आजोबांनी तीनदा नोटा मोजल्या आणि वहीत अंगठा घ्यायला त्याच्या बायकोपुढे शाईचा पॅड धरला. तिचा हात थरथरत होता म्हणून मनगट आजीने धरलं. तीच आजी, जिने दोन दिवस अबोला धरला होता.

खोली पुढे विकली गेली. वही कुणाकडे आहे, कुणाला माहीत नाही. आमच्या माणसांच्या नावाचे तर दगडही नाहीत, राख समुद्रात गेली. म्हणून की काय, परक्या माणसाच्या दगडावर माझा एवढा जीव. माझ्या यादीतल्या गिरणगावच्या लेकरांना हे समजावून सांगायला नको.

मघाशी कार्यालयात फोन केला. पोरगी बिचारी गोड होती, राग तिच्यावर काढता येईना. म्हणाली, वारस नसेल तरी कुणीही अर्ज करू शकतं, पण दुरुस्तीच्या खर्चाची हमी लागेल. आकडा ऐकून आधी घाम फुटला. मग म्हटलं, वर्गणी काढू. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकलंय. तिघांनी अंगठा दाखवलाय, एकाने विचारलंय "आपला काय संबंध?"

अर्जात तोच रकाना होता. मृताशी नाते. बराच वेळ तसाच ठेवला, मग लिहिलं: खजिनदाराची नात.

दहा दिवसांत कळवतो म्हणालेत.