एक छेद बहात्तर

अमिओ 143 हे विमान तुम्ही पाहिलं नसेल तर फार काही बिघडलेलं नाही. 1930 च्या दशकात फ्रान्सने जी बॉम्बफेकी विमानं बांधली, त्यांतली बरीचशी पाहून वाटतं, शत्रूला हसवून बेजार करायचा काहीतरी गुप्त डाव असावा. बरं, फ्रेंचांचा हातच वाईट म्हणावं, तर त्याच दशकात त्यांनी दवातीन 520 नावाचं लढाऊ विमान असं देखणं केलं की मान वळवून बघावं. पण माझ्या टेबलावर दवातीन नाही. माझ्या टेबलावर अमिओ आहे, एक छेद बहात्तर प्रमाणातलं, सुट्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांच्या रूपात.

हे भाच्याचं प्रेम. तो तुलूजला असतो. तिथल्या जुन्या बाजारात त्याला हा डबा दिसला आणि मामा आठवला. "मामा, पॅकिंग फोडलेलंसुद्धा नाहीये!" म्हणाला. इतक्या वर्षांत इतक्या हातांतून जाऊनही ते कुणी का फोडलं नव्हतं, हे मला पहिल्याच शनिवारी कळलं. झाकणावरचा चित्रकार मात्र हुशार. त्याने विमान रात्रीचं दाखवलंय, तेही ढगात अर्धं.

मुळात या विमानाची मागणीच विचित्र होती. 1928 साली फ्रेंच सरकारने जे मागितलं ते असं : एकाच विमानाने दिवसा बॉम्ब टाकायचे, रात्रीही टाकायचे, लांबवर जाऊन टेहळणी करायची आणि वर दुसऱ्या बॉम्बफेकी विमानांची राखणही करायची. आता एवढी कामं करायची तर माणसं जास्त लागणार, आणि प्रत्येकाला बाहेरचं दिसायला हवं. म्हणून धडाच्या खाली आणखी एक लांबलचक भाग लटकावला आणि त्याला खिडक्या ठोकल्या. गिरगावातल्या चाळीची गॅलरी काचा लावून बंद करावी आणि तिला इंजिनं जोडावीत, तसं दिसतं ते. पंख तर इतके जाड की विमान उडत असताना माणूस आतून सरपटत इंजिनापर्यंत जाऊ शके. एवढं सगळं वाहून नेताना वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि चाकं पोटात न घेता बाहेरच, भल्यामोठ्या आवरणांत.

डबा उघडला तेव्हा धडाचे दोन अर्धे भाग एकमेकांकडे पाठ करून बसले होते. इतक्या वर्षांत प्लॅस्टिक वाकडं होतंच. जाणकार सांगतात, गरम पाण्यात धरा आणि हलक्या हाताने सरळ करा. मी धरलं.

"अहो, ते चहाचं पातेलं आहे."

"चहा नाहीये त्यात."

"तेच म्हणतेय मी."

सरळ केलेले दोन भाग जोडायला रबरबँड, कपड्यांचे चिमटे आणि माझे दोन्ही हात लागले. नेमका तेव्हाच कुरिअरवाला आला आणि दोनदा बेल वाजवून निघून गेला. तरी सांध्यात फट राहिलीच. मग लांबी भरायची. ठोकलेल्या गाड्यांवर भरतात तीच ही लांबी, फक्त चमच्याऐवजी टूथपिकने. ती वाळली की पॉलिश पेपरने घासायची. आणि इथे जुन्या किटचा खरा खोडसाळपणा उघड होतो. पत्र्याचे सांधे आणि रिव्हेट दाखवायला त्या काळी पृष्ठभागावर बारीक उंचवटे करत. लांबीबरोबर तेही घासले जातात. म्हणजे फट बुजवावी तर रिव्हेट जातात, रिव्हेट राखावेत तर फट राहते. मी फट बुजवली. रिव्हेट मोजायला कोण येतंय? (येतात. या छंदातली माणसं रिव्हेट मोजतात. मी त्यांना घरी बोलावत नाही.)

पण हे सगळं खिडक्यांच्या मानाने काहीच नाही.

खिडक्यांचे भाग वेगळ्या पारदर्शक चौकटीवर येतात. एकेक काच करवतीच्या बारीक पात्याने सोडवायची, कारण वाकवून तोडली तर तडा जातो. चिकटवायला सुपरग्लू चालत नाही, त्याच्या वाफेने काच आतून पांढरी पडते. साधा फेव्हिकॉल लागतो. तो वाळल्यावर पारदर्शक होतो, पण वाळेपर्यंत काच हळूहळू खाली घसरते. तिथे श्वास रोखून बसायचं. मग प्रत्येक काचेवर चिकटपट्टीचा तुकडा तिच्याच मापाचा कापून लावायचा, म्हणजे रंग मारताना चौकटीची रेघ रंगेल आणि काच कोरी राहील. एक खिडकी झाली. आता पुढची. आणि पुढच्या बाजूला बंदूकवाल्याचा काचेचा मनोरा, वर पाठीवर आणखी एक.

त्यातली एक काच चिमट्यातून सुटली. आमच्या घरी जुनी मोझेकची फरशी आहे, काळे-पांढरे-तपकिरी ठिपके. त्यावर तांदळाएवढा पारदर्शक तुकडा शोधणं म्हणजे काय, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. मी टॉर्च घेऊन पोटावर झोपलो होतो. शेजारचे काका पेपर परत द्यायला आले आणि दारातूनच म्हणाले, "पाठ धरली का? उठू नका, उठू नका." काय चाललंय ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "फ्रेंच? म्हणजे राफेल!" मी म्हटलं, राफेलच्या पणजीची धाकटी जाऊ. ते जरा हिरमुसले.

सौभाग्यवतींनी एकदा चष्मा लावून सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?" फेलिक्स अमिओ, मी म्हटलं, आणि संधी साधून त्याची गोष्ट सांगितली. शॅनेल नंबर 5 ज्यांच्या कंपनीचं, त्या वेर्थायमर बंधूंचे पैसे या अमिओच्या विमानधंद्यात होते. ते ज्यू. 1940 साली नाझी आले, बंधू अमेरिकेला गेले, आणि जप्ती टाळायला अत्तराच्या कंपनीतली आपली मालकी त्यांनी याच अमिओच्या नावावर केली. युद्ध संपल्यावर त्याने ती परत केली.

"म्हणजे माणूस सचोटीचा. नाकाचंही भागलं," ती म्हणाली. "डोळ्यांचंच तेवढं काय झालं?"

डेकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, पिवळी पडली होती. उपाय एकच, ऊन. मे महिना होता आणि गच्चीवर आमच्या कुरडया वाळत होत्या. त्यांच्या कडेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, फ्रेंच हवाई दलाची निळी-पांढरी-लाल वर्तुळं. पिवळेपणा बराच उतरला. तरी एक वर्तुळ पाण्यात घातल्या घातल्या तुकडे तुकडे झालं, मग बाकीच्यांवर आधी वार्निशचा हात दिला. निळा आत आणि लाल बाहेर, हेही ध्यानात ठेवावं लागतं. उलटं लावलं की विमान इंग्रजांचं होतं.

हे विमान युद्धात उतरलं तेव्हा जुनं झालेलं होतं, म्हणून त्याला सहसा रात्रीचंच काम देत. पण 14 मे 1940 ला जर्मन फौज सेदांपाशी म्यूज नदी ओलांडत होती, आणि तिथले पूल तोडायला या संथ, अवजड विमानांना भर दिवसा पाठवलं. खालून विमानविरोधी तोफा. त्या पथकांचं नुकसान मोठं झालं आणि पूल टिकले. ते वाचलं त्या रात्री मी त्या काचेच्या गॅलरीत दोन्ही खुर्च्या नीट रंगवल्या, पट्ट्यांसकट. आधी तशाच बसवणार होतो.

आता विमान पूर्ण झालंय. गडद चॉकलेटी रंग, पंखांचा विस्तार 34 सेंटिमीटर. शोकेसमध्ये मावत नाही. टीव्हीवर ठेवायला टीव्ही आता भिंतीवर गेलाय. फ्रिजवर ठेवलं तर दार आपटलं की शेपूट थरथरते. सध्या ते पुस्तकांच्या कपाटावर आहे, आणि तिथली धूळ पुसायला मावशींना सक्त मनाई आहे.

परवा त्या फडकं हातात घेऊन खाली उभ्या राहून बराच वेळ वर बघत होत्या.

"दादा, हे उडतं का?"

"नाही, मावशी."

"आत कुणी बसतं?"

"कोण बसणार?"

"मग एवढ्या खिडक्या कशाला?"

हा प्रश्न 1928 साली पॅरिसमध्ये कुणीतरी विचारायला हवा होता.