पुढच्याला सहा महिन्यांत गाठण्याचे उपाय

जगातील बलाढ्य तंत्रज्ञान कंपनीला मागे टाकायचे असेल, तर सर्वप्रथम नारळ फोडावा आणि व्यासपीठावर निदान नऊ खुर्च्या मांडाव्यात. प्रोग्रामर नंतर शोधता येतात.

दुसरे, अ‍ॅपचे नाव संस्कृत ठेवावे.

तिसरे, वापरणारी माणसे अभिमानापोटी आपोआप येतील, असे गृहीत धरावे. गूगलला 2011 मध्ये गूगल प्लस काढूनही फेसबुक गाठता आले नाही आणि 2019 मध्ये ते गुंडाळावे लागले. मायक्रोसॉफ्टने 2014 मध्ये नोकियाचा फोनचा धंदा घेतला आणि पुढच्याच वर्षी सात अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बुडीत खाती टाकली. आपल्याकडचे हाइक हे मेसेजिंग अ‍ॅप 2021 मध्ये आणि ट्विटरसारखे कू 2024 मध्ये बंद पडले. अर्थात, त्यांच्या उद्घाटनाला आपले अध्यक्ष नव्हते.

माणसे तरीही आली नाहीत, तर सक्ती करावी. गेल्या महिन्यात नारळ फुटलेले असेच एक अ‍ॅप शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या खरेदीदाराने सर्व पुरवठादारांवर लादले. ड्रॉइंगची सुधारित प्रत त्यावर आली, पण फोन वाजलाच नाही, आणि आमच्या ऑपरेटरने जुन्या प्रतीप्रमाणे चाळीस हाउसिंगचे (यंत्राच्या ओतीव कवचांचे) बोअर, म्हणजे आतली गोल भोके, 70 ऐवजी 72 मिलिमीटरचे करून ठेवले. लहान झालेला बोअर वाढवता येतो, मोठा झालेला कमी कसा करायचा? सगळा माल रिजेक्ट झाला. ‘तुम्ही अ‍ॅप बघत नाही काय हो?’ अशी खरमरीत विचारणाही लगेच आली, तीही व्हॉट्सअ‍ॅपवर!

चौथे, चूक नेहमी वापरणाऱ्याचीच असते.

आता सरळच बोलतो. ज्या व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, ते बोअर झाले, तिचा कंट्रोलर (तिला चालवणारा संगणक) जपानच्या फानुक कंपनीचा आहे. जपानच्याच फुजित्सू कंपनीच्या काही इंजिनिअरांनी असल्या कंट्रोलरच्या कामाला 1956 मध्ये हात घातला आणि त्याची स्वतंत्र कंपनी व्हायला 1972 साल उजाडले. सोळा वर्षे! अ‍ॅपवाल्यांनो, तुम्हाला सोळा दिवस चाचणी घ्यायचा धीर नव्हता. साधी सूचना वेळेवर पोचवता येत नसताना कोणाशी स्पर्धा करायला निघालात? आधी आपल्याच स्टोअरमध्ये वर्षभर चालवून बघायचे होते, चुका काढायच्या होत्या, ऑपरेटरला विचारायचे होते. तेवढे कष्ट नकोत, फोटो मात्र हवेत, आणि भुर्दंड आम्ही सोसायचा?

ती चाळीस हाउसिंग शेडबाहेर पडली आहेत. उद्घाटनाच्या फोटोतल्या नऊ जणांनी टेंपो घेऊन यावे आणि कास्टिंगसह मशिनिंगचे पैसे रोख मोजून ती घेऊन जावीत.