‘मोकळ्या’ शिक्षिकेचं उत्तर

सर,

नाव दिलेलं नाही, खाली नुसतं ‘एक निवृत्त शिक्षक’ आहे, म्हणून सर म्हणते. विद्युतधारेच्या धड्याला मी वर्गात पडद्यावर सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरची हलती प्रतिकृती, कसं वापरलं, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. झोपायच्या आधी वाचायला नको होती. दोन दिवस थांबून लिहिते आहे, म्हणजे तोल राहील. बघू.

आधी तुमचं बरोबर आहे ते. पहिलं शिकवणारं यंत्र बनवल्याचा मान मी सरसकट मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांना देऊन टाकला होता. त्यांचं यंत्र १९५० च्या दशकातलं, आणि सिडनी प्रेसी यांनी त्याच्या कितीतरी आधी, १९२० च्या दशकातच, बहुपर्यायी प्रश्न विचारणारं यंत्र केलं होतं. चूक माझी. लेखात दुरुस्त केली आहे, आणि ती कबूल करताना मला काही कमीपणा वाटत नाही. (पुढचं ‘अभ्यास करून लिहीत जा’ गाळलं असतंत तरी मुद्दा पोचला असता.)

आता तुमच्या प्रतिक्रियेतलं ते वाक्य. ‘पडदा लावला की शिक्षक मोकळा, आणि काहींना फळ्यावर धड आकृती काढता येत नाही तेही झाकून जातं.’

‘मोकळा’ म्हणजे काय, हे शिक्षकांच्या खोलीत आयुष्य गेलेल्या माणसाला मी सांगायला नको. ऑफ तास मिळाला की आपण मोकळे. तंत्रज्ञानाबद्दल शंका घेतली असतीत तर मी हौसेनं बोलले असते, मलाही पुष्कळ शंका आहेत. तुम्ही कामचुकारपणाबद्दल बोललात. ‘काहींना’ असं लिहिलंय खरं, पण प्रतिक्रिया माझ्या लेखाखाली आहे. ते ‘काही’ कोण, हे कळायला सिम्युलेशन लागत नाही.

तर त्या दिवशी मी किती मोकळी होते ते ऐका. सिम्युलेशन ‘फेट’चं. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा उपक्रम, आणि सिम्युलेशन्स फुकट मिळतात. पडद्यावर बॅटरी, तारा आणि दिवे जोडायचे, की तारेतून इलेक्ट्रॉनचे निळे ठिपके सरकताना दिसतात. मी परिपथ जोडला, पण कळ दाबली नाही. आधी प्रश्न विचारला: दोन सारखे दिवे एकसर, म्हणजे एकाच तारेवर एकापुढे एक, जोडलेत, जास्त प्रकाश कोणाचा? पहिल्याचा, दुसऱ्याचा की सारखाच? प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं. मग शेजाऱ्याशी तीन मिनिटं भांडायचं आणि हवं तर उत्तर बदलायचं. ही रीत माझी नाही, एरिक माझूर यांनी १९९१ पासून हार्वर्डमध्ये पदार्थविज्ञानाच्या वर्गात रुजवलेली आहे. बहुतेकांनी पहिला दिवा लिहिला. कारण? ‘पहिला करंट खातो, उरलेला दुसऱ्याला.’ हा समज जगभरच्या मुलांत सापडतो, पण आपल्या वर्गात आपल्या कानांनी ऐकला की वेगळाच वाटतो.

मग कळ दाबली. दोन्ही दिवे सारखे. वर्गात गोंगाट. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मानायला तयार नाही: ‘मॅडम, बॅटरी उलटी करा. मग दुसरा पहिला होईल.’ केली उलटी. ठिपके मागे वळले, दिवे तसेच. दिव्याच्या अलीकडे आणि पलीकडे ॲमीटर (धारा मोजणारा मीटर) लावून दाखवला, आकडा तोच. ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग स्वतःशीच म्हणाली, ‘म्हणजे ठिपके संपतच नाहीत.’

हे फळ्यावर करून दाखवा. बाण मीही काढते, पण बाण चालत नाहीत, आणि मी सांगते तेच सांगतात. खरे दिवे? तेही दुसऱ्या दिवशी टेबलावर होतेच. पण एक जोडणी जरा सैल, एक दिवा दुसऱ्याहून किंचित मंद, आणि लगेच मागून आवाज: ‘बघा, पहिलाच मोठा!’ त्यातून बाहेर यायला आदल्या दिवशीचे ठिपके कामी आले. इलेक्ट्रॉन काही निळे गोळे नसतात, हेही मी मुलांना सांगते. तुम्ही विचारायच्या आधीच सांगून ठेवलेलं बरं.

त्या एका प्रश्नाला आदली संध्याकाळ गेली होती. चुकीचे पर्याय मुलांच्याच तोंडचे हवेत, नाहीतर कुणी फसत नाही. ते मी कितीतरी वर्षं टाचणाच्या वहीत टिपून ठेवते आहे.

राहिली माझी आकृती. सर, मी एकोणीस वर्षं शिकवते आहे. पहिल्या शाळेत मुख्याध्यापिका शेवटच्या बाकावर बसून फळा तपासायच्या. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात उभी राहून मी हातानं वर्तुळ काढायला शिकले, कंपासशिवाय. चार रंगांच्या खडूंनी काढलेला माझा डोळ्याचा छेद बघायला शेजारच्या वर्गातले शिक्षक यायचे. मुलांनीही तो वहीत सुरेख उतरवला, परीक्षेत सुरेख काढला. आणि प्रतिमा कुठे पडते विचारलं तर वर्गातली बरीच बोटं भिंगाकडे. तेव्हा झाकायचंच म्हटलं तर चांगल्या आकृतीखालीही पुष्कळ झाकलं जातं. तुमच्या फळ्याखाली काय झाकलं गेलं, हे मी विचारत नाही. विचारायला हवं होतं का?

तुमचे बाकीचे मुद्दे. एडिसन १९१३ साली म्हणाला होता की चित्रपटांमुळे शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील आणि दहा वर्षांत शाळा पार बदलून जातील. ठाऊक आहे, आणि तसं झालं नाही हेही ठाऊक आहे. पण त्याला चित्रपटाचा धंदा होता, मला काही विकायचं नाही. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेचा २०१५ चा अहवाल मीही वाचला आहे. शाळांतल्या संगणकांवर भरपूर खर्च केलेल्या देशांचे निकाल त्यामुळे फारसे सुधारलेले दिसले नाहीत, हे तुम्ही लिहिलंत. शाळेत बेताचा संगणक वापरणाऱ्या मुलांचे निकाल क्वचित वापरणाऱ्यांपेक्षा थोडे बरे आणि अति वापरणाऱ्यांचे बरेच वाईट होते, हे गाळलंत. मी आठवड्यातून एक तास वापरते. डोळे, हस्ताक्षर, टायपिंग या तुम्ही काढलेल्या गोष्टींचा माझ्या लेखाशी संबंधच नाही. माझ्या वर्गात मुलांच्या हातात कागद-पेन होतं, स्क्रीन एकच होती आणि ती भिंतीवर होती. लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसलं असतं.

‘महिन्यानंतर तोच प्रश्न परत विचारून पाहिलात का?’ असंही शेवटी विचारलंय. नाही पाहिला. अभ्यासक्रम पुढे गेला, मध्ये चाचणी आली. वर्ग चालवणाऱ्या माणसाला दर तासामागे संशोधन करता येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं. विचारीन कधीतरी.

प्रेसींबद्दलची दुरुस्ती लेखाच्या तळाशी ‘एका वाचकाने लक्षात आणून दिल्यानुसार’ अशी टाकली आहे. नाव घातलं असतं, पण ते तुम्ही दिलंच नाहीत.