पंधरा कोटी की बावन्न कोटी?

प्रतिसाद वाचला. राग समजला, मुद्दाही समजला. सरकार सांगतं की २०२० मध्ये भारताच्या जमिनीने सुमारे ५२.२ कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषला, आणि माझ्या लेखात वर्षाला जेमतेम १५ कोटी टन. म्हणजे एकतर सरकार फुगवतंय, नाहीतर मी देशाचं श्रेय कापतोय, असं तुमचं म्हणणं. वर, "उपग्रह आहेत ना, वरून मोजून मोकळे व्हा" हा सल्ला.

आधी माझे १५ कोटी. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात वनांचा कार्बनसाठा ७२८.५५ कोटी टन दिलाय, आधीच्या अहवालापेक्षा ८.१५ कोटींनी जास्त. ही वाढ दोन वर्षांची, म्हणून निम्मी करा. हा नुसता कार्बन आहे, त्याचा कार्बन डायऑक्साइड करायला ४४ ने गुणून १२ ने भागा. आले १४.९ कोटी. हे फक्त वनांचं. सरकारच्या ५२.२ कोटींत वनांबरोबर इतर जमीनही धरलेली आहे. दोन वेगळ्या हिशेबांची वजाबाकी करून कुणाला लबाड ठरवता येत नाही; मलाही नाही.

आता 'वन' म्हणजे काय, तेही बघा. जागा किमान १ हेक्टर, झाडांचं छत्र किमान १० टक्के. मालक कोणीही असो, झाड कुठलंही असो. रत्नागिरीतली हापूसची मोठी बागही यात बसते. साठा काढायला माणसं आखून दिलेल्या छोट्या तुकड्यांत जातात, जमिनीपासून १.३७ मीटरवर खोडाचा व्यास घेतात, त्यावरून लाकूड आणि लाकडावरून कार्बन काढतात. कष्टाचं काम आहे आणि झाडांपुरतं बऱ्यापैकी भरवशाचंही. पण साठ्यातला निम्म्याहून जास्त कार्बन झाडांत नसतोच, तो मातीत असतो. माती इतकी सावकाश बदलते की दोन वर्षांतला फरक नमुन्यानमुन्यांतल्या फरकात सहज बुडून जातो. माझी शंका इथे आहे. कुणाच्या हेतूबद्दल मी काही बोललेलो नाही.

राहिला उपग्रह. नासाचा ओसीओ-२ हा २०१४ पासून वर आहे. झाडांनी किती शोषलं हे तो बघत नाही. खालून परतणाऱ्या सूर्यप्रकाशावरून हवेत कार्बन डायऑक्साइड किती आहे ते ताडतो, पुढचं सगळं गणित प्रतिमानांचं, म्हणजे संगणकी मॉडेलांचं. आणि ढग आले की त्याचे डोळे मिटले. आपल्याकडे रानं, माळ, भातखाचरं जोर धरतात ती पावसाळ्यात. म्हणजे जेव्हा बघायचं, नेमकं तेव्हाच आभाळ भरलेलं!

जमिनीवरून मोजावं, तर तिथेही मॉन्सून आडवा येतोच. गोव्यात काबो द रामाला १९९३ पासून काही वर्षं हवेचे नमुने घेतले गेले. पुण्याची आयआयटीएम ही हवामानशास्त्र संस्था २००९ पासून सिंहगडावर घेऊ लागली (वर पिठलं-भाकरी खाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, देव जाणे). पण पावसाळ्यात काबो द रामाला येतो तो समुद्रावरचा वारा, त्यात आपल्या झाडांची खबर कुठून असणार? वारा देशावरून वाहू लागतो तो हिवाळ्यात.

याचा परिणाम आकड्यांत बघा. २०१३ मध्ये दक्षिण आशियाचा हिशेब प्रसिद्ध झाला. हवेतल्या मोजमापांवरून (२००७-०८) जमिनीने वर्षाला शोषलेला कार्बन निघाला १०.४ कोटी टन, अधिक-उणे १५ कोटी. जमिनीवरच्या नोंदी आणि प्रतिमानांवरून (२०००-०९) १९.१ कोटी, अधिक-उणे १९.३ कोटी. दोन्हीकडे चूकभूल मूळ आकड्याहून मोठी! म्हणजे हा प्रदेश कार्बन शोषत नसून थोडाफार सोडत असेल, हीसुद्धा शक्यता त्यात शिल्लक राहते.

शिवाय पंजाबातल्या गव्हाने शोषलेला कार्बन मुंबईत पोळी खाणाऱ्याच्या श्वासातून बाहेर पडतो, निर्यातीच्या बासमतीतला आखातात. हवेच्या हिशेबात तो बासमती भारताच्या खात्यावर शोषण म्हणून जमा होतो, आणि इथे साठा मात्र तसूभरही वाढलेला नसतो.

म्हणून लेखातला आकडा तसाच ठेवतोय, 'फक्त वनांपुरता' या शब्दांसह. ५२.२ कोटी उत्सर्जनातून वजा करायचे तर करा, पण सोबत अधिक-उणे किती तेही लिहा. आणि हे ५२.२ कोटी ज्यात आहेत, तो डिसेंबर २०२४ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेला चौथा द्वैवार्षिक अहवाल उघडून त्यातली शेतजमिनीच्या शोषणाची ओळ एकदा बघा. मग भांडू.