बाटलीतला नमुना आणि गाडीतला माल

एखादा नामवंत खेळाडू उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात अडकला की त्यापाठोपाठ एक युक्तिवाद हमखास फिरू लागतो, आणि तो इतक्या ठामपणे मांडला जातो की अनेकांना तो निर्विवाद वाटतो. त्याचा सारांश असा: व्यावसायिक खेळ हा खासगी करमणुकीचा धंदा आहे, त्याचे नियम मोडणाऱ्याला शिक्षा करणे हे त्या त्या संघटनेचे काम आहे, त्यासाठी चाचण्या पुरेशा आहेत, खेळाडू सज्ञान असल्यामुळे तो फार तर स्वतःच्या शरीराचे नुकसान करतो, आणि सरकारने जेव्हा जेव्हा यात हात घातला तेव्हा करदात्यांचा पैसा खर्ची पडून हाती काहीच लागले नाही, म्हणून पोलिसांनी आणि न्यायालयांनी खऱ्या गुन्हेगारीकडे लक्ष द्यावे. यातील प्रत्येक विधानात थोडेफार तथ्य आहे, म्हणून ते सरसकट न झटकता एकेक करून तपासले पाहिजे.

चाचण्यांच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे मुद्दे त्याच्याच आधारावर उभे आहेत. ८ जुलै १९९८ रोजी, टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, फ्रेंच सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी बेल्जियमच्या सीमेवर फेस्टिना संघाची एक गाडी अडवली. ती चालवणारा विली व्होएट हा संघातील सायकलपटूंची मालिश व देखभाल पाहणारा कर्मचारी होता, आणि गाडीत ईपीओच्या दोनशेहून अधिक मात्रा, ग्रोथ हार्मोन व टेस्टोस्टेरॉन असा साठा होता. ईपीओ रक्तातील तांबड्या पेशी वाढवते आणि दम टिकवते. ते शोधून काढणारी चाचणी त्या वेळी अस्तित्वातच नव्हती, ती प्रत्यक्षात वापरात आली २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये. म्हणजे फेस्टिनाच्या प्रत्येक सायकलपटूचा नमुना रोज सकाळ-संध्याकाळ घेतला असता तरी प्रयोगशाळेला त्यात ईपीओ सापडले नसते. माल सापडला तो गाडी उघडायला लावण्याचा कायदेशीर अधिकार असलेल्या माणसाला. त्यानंतर पोलिसांनी जबाब घेतले, संघाचे संचालक ब्रुनो रूसेल यांनी कबुली दिली, संघ शर्यतीतून बाहेर काढला गेला, हॉटेलांच्या झडत्या सुरू झाल्या, इतर काही संघांनी काढता पाय घेतला, आणि १८९ सायकलपटूंनी सुरू केलेली शर्यत अवघ्या ९६ जणांनी पूर्ण केली. संघाचा तारा रिशार व्हिरांक दोन वर्षांहून अधिक काळ सगळे नाकारत राहिला. त्याने ते मान्य केले ते २००० साली, लील येथील न्यायालयात न्यायाधीशासमोर उभे राहिल्यावर.

या प्रकरणाने हादरल्यामुळेच १९९९ च्या फेब्रुवारीत लोझान येथे जागतिक परिषद भरली आणि त्याच वर्षी जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे ‘वाडा’, स्थापन झाली. तिच्या निधीत निम्मा वाटा सरकारांचा असतो. तेव्हा ‘वाडा आहे ना, मग सरकार कशाला’ असे विचारणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे की वाडाच मुळात एका सीमाशुल्क नाक्यावरच्या झडतीतून उभी राहिली.

अमेरिकेतील बाल्को प्रकरणाची तऱ्हाही वेगळी नाही. कॅलिफोर्नियातील या कंपनीकडून खेळाडूंना टीएचजी नावाचे स्टेरॉइड मिळत होते, आणि त्याचे वैशिष्ट्य हेच होते की ते प्रचलित चाचण्यांत दिसत नसे. २००३ साली ट्रेव्हर ग्रॅहम या धावण्याच्या प्रशिक्षकाने त्या द्रव्याचे अवशेष असलेली सिरिंज उत्तेजकविरोधी यंत्रणेकडे पाठवली, तेव्हा कुठे लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेला त्याची ओळख पटली. (त्याचा हेतू शुद्ध होता असे मानण्याचे कारण नाही, पुढे तपास अधिकाऱ्यांशी खोटे बोलल्याबद्दल तो स्वतःच दोषी ठरला.) त्याच वर्षी कंपनीवर छापा पडला, आणि त्या तपासाचा पुढाकार करवसुली खात्याच्या एका अधिकाऱ्याकडे होता, कारण औषधांच्या मागे पैशांचा माग होता. याच तपासात नाव आलेली आणि सिडनीत तीन सुवर्णांसह पाच पदके जिंकलेली धावपटू मॅरियन जोन्स तोवर एकाही प्रकरणात दोषी ठरली नव्हती. तिने २००७ मध्ये कबुली दिली आणि पदके परत केली, ती सरकारी अधिकाऱ्याशी खोटे बोलणे हा स्वतंत्र गुन्हा आहे म्हणून. क्रीडा संघटनेशी खोटे बोलल्याबद्दल कोणी तुरुंगात जात नाही.

आता ‘संघटना आपले घर स्वतः झाडून घेतील’ हा मुद्दा. अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉल संघटनेने तसा प्रयत्न खरोखर केला, आणि त्यासाठी जॉर्ज मिचेल या वजनदार माजी सिनेटरची निवड केली. डिसेंबर २००७ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात ८९ खेळाडूंची नावे होती, आणि संघटनांच्या स्वयंशिस्तीचा पुरावा म्हणून हा अहवाल आजही पुढे केला जातो. पण तो कसा तयार झाला ते पाहावे. मिचेल यांना साक्षीदार बोलावण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता, त्यामुळे बहुतेक सगळ्या खेळाडूंनी भेटायलाच नकार दिला. अहवालातील ठोस मजकूर प्रामुख्याने दोन माणसांकडून आला. त्यांपैकी कर्क राडोम्स्की हा एका संघाच्या पोशाखगृहातील माजी कर्मचारी होता, आणि सरकारी वकिलांशी झालेल्या गुन्हाकबुलीच्या करारात मिचेल यांना सहकार्य करण्याची अट असल्यामुळे तो बोलला. सरकारने आधी त्याला पकडले नसते तर अहवालात मुख्यतः सदिच्छाच उरल्या असत्या. पुढे २०१३ मध्ये खेळाडूंना उत्तेजके पुरवणाऱ्या फ्लोरिडातील बायोजेनेसिस दवाखान्याच्या प्रकरणात याच संघटनेने कागदपत्रे मिळवण्यासाठी रोख पैसे मोजले. अधिकार नसलेल्या तपासाला असे आडमार्ग धरावे लागतात, आणि त्यांत कोणाच्याच हक्कांचे रक्षण होत नाही, आरोपी खेळाडूच्या तर नाहीच.

आपल्याकडचे उदाहरण अधिक जवळचे आहे. जगातील सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळ अनेक वर्षे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘नाडा’च्या, कक्षेत यायला तयार नव्हते, चाचण्या आम्हीच घेऊ, शिक्षाही आम्हीच देऊ, असा त्याचा पवित्रा होता. जुलै २०१९ मध्ये मुंबईच्या पृथ्वी शॉवर मंडळाने टर्ब्युटालाइन या द्रव्यासाठी आठ महिन्यांची बंदी जाहीर केली, पण ती मागील तारखेपासून लागू केल्यामुळे त्यातील निम्म्याहून अधिक काळ जाहीर होण्याच्या दिवशीच सरून गेला होता. खोकल्याच्या औषधातून द्रव्य गेल्याचा त्याचा खुलासा खोटा होता असे मला म्हणायचे नाही. नमुना घेणारा, दोष ठरवणारा, शिक्षा देणारा आणि त्या खेळाडूच्या फलंदाजीवर कमाई करणारा एकच असेल तर निर्णय बरोबर असूनही त्यावर विश्वास बसत नाही. पुढच्याच महिन्यात मंडळ नाडाच्या कक्षेत आले.

खेळाडू सज्ञान आहे, त्याचे शरीर त्याचे आहे, हा मुद्दा तत्त्व म्हणून मला मान्य आहे; वस्तुस्थिती म्हणून तो टिकत नाही. बायोजेनेसिसचा चालक अँथनी बॉश बेसबॉलच्या कोट्यधीशांबरोबरच शाळकरी मुलांनाही टेस्टोस्टेरॉन पुरवत होता, आणि त्याला चार वर्षांची कैद झाली. पुरवठ्याची साखळी वरच्या खेळाडूपाशी थांबत नाही. पुणे आणि पश्चिम महाराष्ट्रातील काही शहरांत गेल्या काही वर्षांत पोलिसांनी मेफेन्टरमाइनच्या इंजेक्शनांचे साठे वारंवार पकडले आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब खाली जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी वापरायचे हे औषध व्यायामशाळेतील पोरांना चिठ्ठीशिवाय विकले जाते. ती मुले कोणत्याच संघटनेची सदस्य नाहीत, त्यांचा नमुना कोणी घेणार नाही, आणि त्यांना ते कोणी विकले हे शोधण्याची ताकद फक्त पोलीस आणि अन्न व औषध प्रशासन यांच्याकडे आहे.

‘खासगी धंदा’ हे वर्णनही तपासून घ्यावे लागते. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या संघाचा प्रायोजक कोणी साबण-कारखानदार नव्हता. तो अमेरिकेचा टपाल विभाग होता, आणि त्याने संघावर सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर खर्च केले होते.

आर्मस्ट्राँगचे नाव निघाले की विरोधकांचा सर्वांत जोरकस मुद्दा समोर येतो, आणि त्याला बगल देता येणार नाही. त्याच्यावरील फौजदारी चौकशी फेब्रुवारी २०१२ मध्ये आरोप न ठेवताच बंद झाली; त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने २६ जणांच्या साक्षींसह त्याचा पर्दाफाश केला. बेसबॉलपटू बॅरी बाँड्सवरील खटला तर वर्षानुवर्षे चालला, २०११ मध्ये न्यायदानात अडथळा आणल्याच्या एकाच आरोपावर तो दोषी ठरला, आणि २०१५ मध्ये तोही निकाल रद्द झाला. दुसरा बेसबॉलपटू रॉजर क्लेमेन्स २०१२ मध्ये सर्व आरोपांतून सुटला. हे अपयश आहे आणि ते अपयशच म्हटले पाहिजे. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. हे खटले तारांकित खेळाडूंनी शपथेवर खोटे सांगितले की नाही याचे होते, आणि तिथेच ते फसले. त्याच बाल्को तपासात औषध पुरवणाऱ्या व्हिक्टर कॉन्टेने गुन्हा कबूल केला होता. आर्मस्ट्राँगच्या बाबतीतही टायलर हॅमिल्टनसारखा सहकारी क्रीडा संस्थेपुढे येण्याआधी ग्रँड ज्यूरीपुढे, म्हणजे आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, शपथेवर बोलला होता. आणि टपाल विभागाच्या पैशांबाबतच्या दिवाणी दाव्यात २०१८ साली आर्मस्ट्राँगने ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली. यावरून, सरकारने खेळाडूला तुरुंगात टाकण्याच्या मागे लागू नये, पुरवठादार आणि पैसा यांच्या मागे लागावे, असे मला वाटते. इटली आणि जर्मनी यांच्या कायद्यांत खेळाडूलाही फौजदारी शिक्षा होऊ शकते. मला ते पटत नाही. अमेरिकेचा २०२० चा रॉडचेन्कोव्ह कायदा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील कट रचणाऱ्यांना आणि पुरवठादारांना धरतो, खेळाडूला वगळतो. दिशा म्हणून ती बरोबर आहे, फक्त त्याच देशातील व्यावसायिक लीग त्यातून सोयीस्करपणे सुटल्या आहेत.

स्पेनचे ‘ऑपरेशन पुएर्तो’ही असेच निरुपयोगी म्हणून सांगितले जाते. मे २००६ मध्ये माद्रिदमध्ये डॉक्टर युफेमियानो फुएन्तेस यांच्याकडे खेळाडूंना दम वाढवण्यासाठी परत चढवायच्या रक्ताच्या दोनशेहून अधिक पिशव्या सापडल्या, तरी २०१६ मध्ये ते अपिलात सुटले. कारण असे की छापा पडला तेव्हा स्पेनमध्ये डोपिंगविरोधी फौजदारी तरतूदच नव्हती, त्यामुळे खटला सार्वजनिक आरोग्याच्या कलमाखाली चालवावा लागला. जर्मनीत २०१५ मध्ये कायदा आला होता, म्हणून खेळाडूंचे रक्त काढून पुन्हा चढवण्याचाच उद्योग करणाऱ्या एर्फुर्टच्या डॉक्टर मार्क श्मिट यांना जानेवारी २०२१ मध्ये चार वर्षे दहा महिन्यांची शिक्षा झाली. गुन्हा तोच होता. कायद्याने फरक पडला.

सरकारच गुन्हेगार असेल तर काय, हा प्रश्न मात्र मला खरोखर अवघड वाटतो. पूर्व जर्मनीत अल्पवयीन जलतरणपटू मुलींना स्टेरॉइड देण्याची योजना सरकारचीच होती, रशियातही यंत्रणाच सामील होती. २०२१ मध्ये २३ चिनी जलतरणपटूंच्या नमुन्यांत ट्रायमेटाझिडीन हे बंदी असलेले हृदयविकाराचे औषध सापडले, तेव्हा ते हॉटेलच्या स्वयंपाकघरातून आले असे चीनच्या सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाने ठरवले, आणि हे सगळे जगाला कळायला २०२४ उजाडले. म्हणून सरकारी तपास एकटा पुरेसा नाही. त्यावर न्यायालयाची आणि बाहेरच्या यंत्रणेची नजर हवी. पण पूर्व जर्मनीच्या अधिकाऱ्यांना २००० साली दोषी ठरवले ते बर्लिनच्या न्यायालयाने, कोणत्या क्रीडा महासंघाने नव्हे, हेही त्याच इतिहासात आहे.

भारतात २०२२ च्या कायद्याने नाडाला वैधानिक दर्जा आणि झडती-जप्तीचे अधिकार दिले. २०२३ मध्ये घेतलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ सदोष निघाले. बंदीच्या याद्यांत खेळाडूंची नावे येतात. त्यांना ते द्रव्य देणाऱ्या प्रशिक्षकाचे किंवा दुकानदाराचे नाव क्वचितच दिसते. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव रिओ ऑलिंपिकपूर्वी मेथॅन्डिएनोन या स्टेरॉइडसाठी सदोष ठरला, तेव्हा सोनीपतच्या केंद्रात आपल्या अन्नात कोणीतरी ते मिसळले असा त्याचा दावा होता. नाडाच्या समितीने तो मान्य केला, वाडाने आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे अपील केले. लवादापुढे पोलिसांचा पूर्ण झालेला तपास नव्हता; स्वयंपाकघरात कोण गेले होते हे सिद्ध करण्याचा भार एका पैलवानावर होता. त्याचा दावा खरा असेल तर गुन्हेगार मोकळा राहिला, खोटा असेल तर द्रव्य देणारा मोकळा राहिला. १८ ऑगस्ट २०१६ रोजी लवादाने चार वर्षांची बंदी घातली. प्रकरण सीबीआयकडे गेले ते ऑलिंपिक संपल्यानंतर. नरसिंगची पहिली कुस्ती १९ ऑगस्टला होती.