खुलासा : कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर रात्री १० नंतर मुलांना ‘थेट लॉकअप’?

‘रात्री १० नंतर रंकाळा चौपाटीवर १८ वर्षांखालचं पोरगं दिसलं, की कलम १४४ खाली थेट लॉकअप. चौघे एकत्र उभे राहिले तरी गुन्हा,’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

पहिली खूण कलमाचीच. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं घेतली. जुन्या १४४ चं काम आता कलम १६३ करतं. या कलमाखाली निघणारा मनाई आदेश लेखी असतो, त्यात कारण द्यावं लागतं आणि तो एरवी २ महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचा जमावबंदी आदेश तर राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपुढे जात नाही. त्यात सहसा ५ किंवा अधिक लोकांच्या जमावाला मनाई असते. जमावबंदी म्हणजे संचारबंदी नव्हे. घोळ बहुतेक इथेच होतो. रात्री १० ची मर्यादा आहे ती लाउडस्पीकरला, सकाळी ६ पर्यंत.

लॉकअपचं म्हणणं तर साफ खोटं, आणि पोरांना उगाच घाबरवणारं. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम १० नुसार अल्पवयीन मुलाला कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवता येत नाही. ताब्यात घेतलं तर बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यायचं आणि २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करायचं.

मेसेजमध्ये आदेश क्रमांक, तारीख, हद्द, मुदत आणि सही शोधा. नसेल तर कृपया पुढं पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.