बटण दाबणारा माणूस मला बोटीवर भेटला नाही

"काका, हे खरं आहे का?" एवढंच लिहून पुतण्याने तो मेसेज मला पाठवला. तोवर तो भावकीच्या, गावच्या आणि माझ्या बॅचच्या अशा तिन्ही ग्रुपवर येऊन गेला होता. मजकूर थोडक्यात असा: 'जगातली सगळ्यात आरामाची नोकरी, मर्चंट नेव्ही! सहा महिने काम, सहा महिने सुट्टी. पगार डॉलरमध्ये, टॅक्स शून्य. फुकटात जग बघा. आता बोटी फुल ऑटोमॅटिक, नुसती बटणं दाबायची. वादळाची भीती नाही, सॅटेलाईट सगळं आधी सांगतो. दहावी-बारावी पास? एक कोर्स करा, नोकरी पक्की!' खाली पांढऱ्या गणवेशातल्या तरुणाचा फोटो आणि एक मोबाईल नंबर.

मी बावीस वर्षं बोटीवर होतो. सगळी इंजिनरूममध्ये, आणि त्यातली बहुतेक बल्करवर, म्हणजे कोळसा, लोहखनिज, गहू असला सुटा माल नेणाऱ्या बोटींवर. पांढरा गणवेश बॅगेतून बाहेर काढायची वेळ फार थोड्या वेळा आली; बाकी काळ बॉयलर सूट. मेसेजमधलं सगळंच खोटं नाही, हे आधी कबूल करतो. आमचं घर याच पगारावर उभं राहिलं. पण 'आरामाची' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही.

बटणांपासून सुरुवात करतो, कारण माझा राग तिथेच आहे.

ऑटोमेशन आलं. रात्री इंजिनरूम रिकामी ठेवता येते, ब्रिजवरून, म्हणजे बोट हाकतात त्या खोलीतून, इंजिन पुढे-मागे करता येतं. पण यंत्रांनी बोटीवरचं काम कमी केलं नाही, माणसं कमी केली. लहानपणी आमच्या गावात सारंग, टिंडेल, कासप, भंडारी अशा हुद्द्यांवरून निवृत्त झालेले म्हातारे ओटीवर बसलेले असत. त्यांच्या काळात एका मालवाहू बोटीवर पन्नास-साठ माणसं असायची. आज त्याच्या कितीतरी पट मोठ्या बोटीवर वीस-बावीस जण असतात. बोट मोठी झाली तसा गंज धरणारा पत्राही वाढला, आणि तो खरवडणारे हात घटले.

होल्ड, म्हणजे बोटीच्या पोटातली मालाची कोठारं, धुणं काय असतं ते सांगतो. पनामॅक्स, म्हणजे जुन्या पनामा कालव्यात मावेल एवढ्या, बल्करला सात होल्ड असतात, एकेक पाच-सहा मजली इमारतीएवढा खोल. समजा, कोळसा उतरवला आणि पुढचा माल गहू आहे. मधल्या रिकाम्या प्रवासाचे चार-पाच दिवस हातात. बंदरातला ग्रॅब, म्हणजे क्रेनचा पंजा, जे उचलत नाही ते फ्रेमच्या मागे, शिडीच्या पायऱ्यांवर, हॅच कव्हरच्या (होल्डच्या झाकणाच्या) पोटाशी अडकून राहिलेलं असतं. ते झाडून, फावड्याने गोळा करून बादल्यांनी वर ओढायचं. मग जाड होजने समुद्राच्या पाण्याचा मारा, मग केमिकल, मग गोडं पाणी. सुटलेल्या गंजाचे पापुद्रे लांब दांड्याच्या खरवडणीने काढायचे. शेवटी तळाच्या बिल्ज वेलमध्ये, म्हणजे पाणी साचायच्या खड्ड्यात, हात घालून काळा चिखल उपसायचा. हे सगळं बोट डोलत असताना, आणि सातही होल्डमध्ये. पुढच्या बंदरात सर्व्हेअर टॉर्च घेऊन उतरतो. कोळशाचा कण, गंजाची खपली किंवा एखादा जिवंत किडा दिसला की होल्ड फेल, बोटीचं भाडं बंद, आणि तीच माणसं पुन्हा खाली. याचं बटण कुठे असतं ते मेसेज लिहिणाऱ्याने एकदा दाखवावं.

इंजिनरूमचंही तेच. उन्हाळी समुद्रात तिथला पारा पंचेचाळीसच्या वर जातो. जड इंधन इंजिनात सोडण्याआधी १३० अंशांच्या आसपास तापवावं लागतं, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या इंधनाच्या पाइपलाईनीही तशाच तापलेल्या. मुख्य इंजिनाची स्कॅव्हेंज स्पेस साफ करताना माणूस पिस्टनच्या खालच्या पोकळीत गुडघ्यांवर रांगत शिरतो आणि डांबरासारखा गाळ चिंध्यांनी पुसून काढतो. हे काम वायपर करतो, इंजिनरूममधला सगळ्यात खालचा माणूस. मी ज्युनिअर असताना त्याच्यासोबत आत गेलो आहे. तीन आंघोळी झाल्या तरी कानामागे काळं राहतं.

यंत्रावर फार विसंबणाऱ्यांसाठी एक ताजी गोष्ट. २६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरला 'डाली' ही कंटेनर बोट बंदरातून निघाली आणि तासाभराच्या आत तिची वीज दोनदा गेली. बोट पुलाच्या खांबावर आदळली, पूल कोसळला, पुलावर रस्त्याचं काम करणारे सहा कामगार गेले. तपासात मूळ सापडलं ते नीट न बसलेल्या एका वायरमध्ये. बोटीवरच्या २१ जणांपैकी २० भारतीय. पुढे कित्येक आठवडे ते त्याच बोटीवर अडकून राहिले, फोनसुद्धा तपासासाठी काढून घेतलेले. फुल ऑटोमॅटिक बोटीवरचा माणूस असा असतो: यंत्र चालतं तोवर कुणाच्या खिजगणतीत नाही, थांबलं की पहिला जाब त्यालाच.

सगळ्यात धोक्याचं काम मात्र दिसायला अगदी साधं असतं: बंद टाकीत उतरणं. बाहेरच्या लोकांना वाटतं, माणसं समुद्रात बुडून मरतात. बोटीवर माणसं कोरड्या, स्वच्छ दिसणाऱ्या टाकीतही मरतात. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खातं. महिनोन्‌महिने बंद असलेल्या बॅलास्ट टाकीत (बोटीचा तोल राखायला पाणी भरतात ती) तो २१ टक्क्यांवरून कुठवर उतरला हे नाकाला कळत नाही. दहाच्या खाली गेला की माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. कोळसा, लाकडाचा भुसा, लोखंडाचा कीस हे मालही असाच ऑक्सिजन शोषतात. २३ सप्टेंबर २००७ रोजी उत्तर समुद्रात 'वायकिंग आयले' या बोटीवर नांगराच्या साखळीच्या कोठडीत सैल साखळी आपटत होती, ती बांधायला एकजण उतरला आणि पडला. त्याला काढायला दुसरा गेला, तोही पडला. तिसऱ्याने श्वासाचं उपकरण पाठीवर घेतलं, पण ते घेऊन झाकणातून आत जाता येईना. मग तो पळून सुटण्यासाठी असतो तो छोटा हूड घालून उतरला. तिघेही गेले. ती बोट दुसऱ्यांच्या बचावासाठीच ठेवलेली होती.

१ जानेवारी २०१५ पासून दर दोन महिन्यांनी बंद जागेतल्या बचावाची ड्रिल सक्तीची आहे. तरी मित्र खाली पडलेला दिसला की पाय आपोआप शिडीकडे वळतात. एका बोटीवर एका फिटरला मी कॉलरला धरून मागे खेचलं होतं. खालचा माणूस, सुदैवाने, नुसता पाय घसरून पडला होता. फिटर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

(जाता जाता: कठीण कामांत कुकचं नाव कुणी घेत नाही. वीस जणांचं दिवसातून तीन वेळा जेवण, कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत एकही सुट्टी नाही, बोट आडवी-तिडवी होताना उकळता डाळीचा टोप सांभाळायचा, आणि वर प्रत्येकाचं तोंड वाकडं. मला ते काम दिलं असतं तर मी पहिल्या बंदरात उतरलो असतो.)

आता 'वादळाची भीती नाही'. हे वाक्य मुंबईत बसून कुणी लिहिलं असेल तर त्याला मे २०२१ आठवत नाही. तौक्ते चक्रीवादळाचा इशारा हवामान खात्याने आधीच दिला होता; सॅटेलाईटने आपलं काम केलं होतं. तरी मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ 'पी-३०५' या बार्जवर २६१ माणसं होती. नांगर तुटले, स्वतःचं इंजिन नसलेला बार्ज वाहत गेला आणि १७ मे रोजी बुडाला. सत्तरहून जास्त माणसं गेली. 'वरप्रदा' या टगवर तेरा होते, दोन वाचले. बार्जवर होते ते वेल्डर, फिटर, रिगर, स्वयंपाकी. सॅटेलाईट वादळ दाखवतो. माणसं वेळेत किनाऱ्याला आणायची की नाही, हे कार्यालयात ठरतं.

आणि वादळ हा एकच धोका राहिलेला नाही. ६ मार्च २०२४ ला एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' या बल्करवर क्षेपणास्त्र पडलं, तीन खलाशी मेले. त्याच वर्षी १३ एप्रिलला होर्मुझजवळ इराणने 'एमएससी एरीज' ताब्यात घेतली. तिच्यावरच्या २५ जणांत १७ भारतीय होते आणि बोट निघाली होती आपल्या न्हावा शेव्याला.

सहा महिने काम, सहा महिने सुट्टी? काही कंपन्यांत वरच्या अधिकाऱ्यांना असा हिशेब मिळतो. खालच्या खलाशाचं कॉन्ट्रॅक्ट साधारण नऊ महिन्यांचं असतं आणि रिलिव्हर, म्हणजे बदलीचा माणूस, आला नाही तर लांबतं. कोविडमध्ये, २०२० च्या अखेरीस, चार लाखांच्या आसपास खलाशी मुदत संपूनही बोटींवर अडकले होते. शिवाय 'सुट्टी' शब्दातच गफलत आहे. बहुतेकांसाठी ती दोन कॉन्ट्रॅक्टमधली बेकारी असते. साईन ऑफ करून बोटीवरून उतरलं की पगार थांबतो, पुढची बोट कधी मिळेल ते ऑफिसला माहीत.

बोटीवरच्या विश्रांतीचाही नियम आहे: चोवीस तासांत किमान १० तास, आठवड्यात ७७. म्हणजे आठवड्याला ९१ तास काम कायदेशीर, हे उलटं करून वाचलं की कळतं. तेही कागदावर. बंदरात शिरताना स्टँडबाय (आपापल्या जागी सज्ज राहणं), मग मालाची वॉच (पाळी), मग इन्स्पेक्शन, मग पुन्हा स्टँडबाय. विश्रांतीच्या नोंदी सर्रास 'जुळवल्या' जातात, असं स्वीडनच्या वर्ल्ड मेरिटाईम युनिव्हर्सिटीच्या २०२० च्या अभ्यासात आलं, तेव्हा आमच्या ग्रुपवर कुणाला आश्चर्य वाटलं नाही. मीही भरल्या आहेत तशा. अभिमान नाही.

पगाराचं पटकन सांगतो. कॅप्टन आणि चीफ इंजिनिअरचा आकडा भारी असतो, आणि तोच मेसेजमध्ये फिरतो. तरबेज खलाशाचं, म्हणजे एबीचं, आंतरराष्ट्रीय किमान मूळ वेतन २०२५ साठी महिना ६७३ डॉलर होतं. ओव्हरटाईम धरून हातात त्याहून जास्त येतं, पण मेसेजवाला आकडा नव्हे. टॅक्स शून्य होतो तो वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांच्या आत राहिला तर. आजारपणाने किंवा बोट न मिळाल्याने घरी जास्त राहिलात तर नाही. किनाऱ्या-किनाऱ्यानेच फिरणाऱ्या भारतीय बोटीवर असलात तर मुळीच नाही. मालकाने बोटच वाऱ्यावर सोडली तर पगाराचेही वांधे. २०२४ मध्ये जगभर तीन हजारांहून जास्त खलाशी असे टाकून दिले गेले, त्यात सर्वाधिक भारतीय होते.

फुकटात जग? मी इंडोनेशियाचा कोळसा अनेक वेळा भरला. किनारा क्षितिजावर एक हिरवी रेघ. बोट दूर नांगरावर, बार्ज बाजूला लागतात, तरंगत्या क्रेन कोळसा भरतात आणि आपण निघतो. कंटेनर बोट तर बहुतेक बंदरांत दिवसभरही थांबत नाही. २००४ पासून बंदरांची सुरक्षा कडक झाली आणि अमेरिकेत व्हिसा नसेल तर गँगवेच्या, म्हणजे बोटीच्या शिडीच्या, खाली पाय ठेवता येत नाही. पासपोर्टवर शिक्के पुष्कळ, आठवणी मात्र क्रेनच्या.

राहिला कोर्स. सहा महिन्यांचा जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा, कोर्स खरा आहे, सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही, खरी आहे, आणि त्या दोन्ही खिशात घेऊन नवी मुंबईत वर्ष-दीड वर्ष ऑफिसांच्या पायऱ्या झिजवणारी पोरंही खरी आहेत. 'पक्की नोकरी' म्हणून लाख-लाख रुपये मागणारे दलाल याच पोरांवर जगतात. परदेशी बोटीवर माणसं पाठवणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याचा, आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना असावा लागतो, आणि नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायला कायद्याने बंदी आहे. परवान्याचा नंबर डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर ताडून पाहता येतो.

हे सगळं मी पुतण्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "काका, तरी मला जायचंय." मी म्हटलं जा, पण आधी मेसेजखालच्या त्या नंबरला एकच प्रश्न विचार: आरपीएसएल नंबर काय? त्याने विचारला. संध्याकाळी उत्तर आलं, "फोनवर नको सर, ऑफिसला या. येताना पन्नास हजार टोकन आणा."